नवा कॅमेरा, जुने लाइटरूम : न उघडणाऱ्या १,१४० रॉ फाइलींचे प्रकरण

रात्री साडेदहाला माझ्या एका ज्येष्ठ छायाचित्रकार स्नेह्यांचा फोन आला. "अरे, कार्ड गेलं बहुतेक. एकही फोटो दिसत नाही. लाइटरूम म्हणतंय, फोटोच सापडले नाहीत."

मी एवढेच म्हणालो, "सर, कार्ड फॉरमॅट करू नका. कॅमेऱ्यात घालून प्लेबॅकचं बटण दाबा आणि फोटो दिसतात का ते सांगा."

अर्ध्या मिनिटाने उत्तर आले, "दिसतायत की! सगळे दिसतायत."

म्हणजे कार्ड ठणठणीत होते आणि फोटोही जागेवर होते. अडचण होती ती कॅमेरा आणि संगणकावरचे लाइटरूम, म्हणजे फोटो लावायचे आणि संपादित करायचे अ‍ॅडोबी कंपनीचे सॉफ्टवेअर, यांच्यामध्ये. फोटो काढले होते रॉ प्रकारात, म्हणजे कॅमेऱ्याने चित्र न बनवता सेन्सरचे आकडे जसेच्या तसे ठेवलेल्या फाइलींत. हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे, कारण "नव्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइली जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाहीत" या एका वाक्यात दोन वेगवेगळे आजार लपलेले असतात. आपल्याला नेमका कोणता झाला आहे हे कळले नाही, तर माणूस रात्रभर चुकीचे औषध घेत बसतो.

हाताशी काय होते

सरांचे सगळे काम लाइटरूम ६ वर. एकदाच विकत घेऊन कायम वापरायची ही आवृत्ती एप्रिल २०१५ मध्ये आली आणि तिचे शेवटचे अपडेट, ६.१४, डिसेंबर २०१७ मध्ये निघाले. त्यानंतर बाजारात आलेला एकही कॅमेरा तिच्या यादीत नाही. यात कोणी कोणाला फसवलेले नाही. अपडेट थांबणार हे जाहीरच होते. सरांचा संगणक विंडोज ७ वर चालणारा, जुना पण तब्येतीने धट्टाकट्टा. आणि त्यावर आठ वर्षांचा कॅटलॉग, म्हणजे लाइटरूमची नोंदवही: निवडलेले, तारांकित केलेले, शब्द जोडून ठेवलेले, हाताने घडवलेल्या प्रीसेटनी, म्हणजे जतन केलेल्या संपादनाच्या साच्यांनी, रंगवलेले फोटो. बाहेरच्या माणसाला ते एक सॉफ्टवेअर वाटते. सरांसाठी ती त्यांची कामाची स्मृती आहे. "नवीन घेऊन टाका ना" असे म्हणणाऱ्याला हे सहसा दिसत नाही.

आतापर्यंत त्यांच्याकडे कॅनन ईओएस ६डी होता, २०१२ चा. त्याच्या रॉ फाइली सीआर२ प्रकारच्या, त्या लाइटरूम ६ मुकाट्याने उघडते. आता त्यांनी ईओएस आर६ घेतला, २०२० चा. याच्या रॉ फाइली सीआर३ प्रकारच्या. घरी दोन दिवस हात बसवताना त्यांनी जेपेग काढले होते आणि ते अर्थातच उघडले. मग नाटकाच्या प्रयोगाला दोन्ही कॅमेरे नेले. आर६ वर आरएफ २४-१०५ एफ४ लेन्स, ६डी वर जुनी ७०-२००. आर६ चे १,१४० रॉ, ६डी चे तीनशेच्या वर. तिसऱ्या दिवशी साठ निवडक फोटो द्यायचे होते.

गंमत म्हणजे दोन्ही कॅमेऱ्यांचा फोटो लांबी-रुंदीला तंतोतंत सारखा आहे, ५,४७२ गुणिले ३,६४८ पिक्सेल. पिक्सेल तेवढेच, कंपनी तीच, सेन्सरचा आकार तोच फुलफ्रेम. तरी एकाची फाइल उघडते आणि दुसऱ्याची दिसतसुद्धा नाही. सरांचा गोंधळ इथूनच सुरू झाला होता, आणि तो अगदी स्वाभाविक होता.

"दिसत नाही" आणि "उघडत नाही"

मी पोहोचलो तोवर सरांनी कोणाच्या तरी सल्ल्यावरून बारा फाइलींचे शेपूट, म्हणजे नावाच्या शेवटचे एक्स्टेन्शन, बदलून सीआर३ चे सीआर२ करून पाहिले होते. ही युक्ती चालत नाही, पण निदानाला तिचा उपयोग झाला.

शेपूट न बदललेल्या फाइली इम्पोर्टच्या, म्हणजे लाइटरूममध्ये फोटो आत घ्यायच्या, खिडकीत येतच नव्हत्या. फोल्डर रिकामा असल्यासारखी खिडकी कोरी. शेपूट बदललेल्या बारा फाइली मात्र आल्या, पण प्रत्येक चौकट करडी आणि त्यावर प्रीव्ह्यू उपलब्ध नसल्याची सूचना. इम्पोर्ट दाबल्यावर संदेश आला, की या फाइली लाइटरूमला ओळखता येणाऱ्या रॉ प्रकारातल्या नाहीत.

पहिल्या वेळी लाइटरूमने फक्त नाव पाहिले आणि हे आडनाव आपल्या ओळखीचे नाही म्हणून फाइलीकडे ढुंकूनही पाहिले नाही. दुसऱ्या वेळी आडनाव ओळखीचे निघाले म्हणून दार उघडले, आत पाहिले आणि काहीच समजले नाही.

आत काय आहे ते मी सरांना प्रत्यक्ष दाखवले. फाइलीचे बाइट्स जसेच्या तसे दाखवणारे एक छोटे साधन असते. त्यात ६डी ची एक फाइल उघडली. सुरुवातीलाच इंग्रजी 'आय आय' ही दोन अक्षरे, मग तारा, आणि थोड्या अंतरावर 'सी आर'. ही टिफ या जुन्या चित्र-फाइल प्रकाराच्या घराण्याची खूण. शेजारी आर६ ची फाइल उघडली. पहिले चार बाइट सोडले की लगेच 'एफ टी वाय पी', आणि त्याला लागून 'सी आर एक्स'. ही खूण एमपी४ व्हिडिओच्या घराण्याची. सर चष्मा सरकवून पडद्याजवळ गेले. "म्हणजे हा फोटो व्हिडिओच्या डब्यात ठेवलाय?" अगदी बरोबर. सीआर२ हा टिफच्या सांगाड्यावर बांधलेला प्रकार. सीआर३ चा सांगाडा आयएसओ बेस मीडिया फाइल फॉरमॅटचा, ज्यावर एमपी४ उभे आहे. शेपूट बदलणे म्हणजे डब्यावरची चिठ्ठी बदलणे. डबा तोच राहतो.

तारखा पाहिल्या तर चित्र आणखी स्पष्ट होते. सीआर३ पहिल्यांदा आला तो ईओएस एम५० बरोबर, २०१८ च्या सुरुवातीला. लाइटरूम ६ चे शेवटचे अपडेट त्याच्या जेमतेम दोन-तीन महिने आधीचे. ज्यांनी ते अपडेट लिहिले त्यांच्यासमोर हा डबा आलेलाच नव्हता.

हा झाला पहिला आजार: डबाच अनोळखी. दुसरा आजार वेगळा. डबा ओळखीचा असतो, शेपूटही जुनेच, पण आत बसलेला कॅमेरा अनोळखी. निकॉनचे एनईएफ हे शेपूट १९९९ च्या डी१ पासून चालत आलेले आहे. तरी प्रत्येक नवा निकॉन निघाला की सॉफ्टवेअरला तो नव्याने शिकावा लागतो. झेड९ सारख्या कॅमेऱ्यात तर 'हाय एफिशिएन्सी' नावाची निराळीच आकुंचन पद्धत त्याच एनईएफ शेपटाखाली येते. शेपटावर विसंबून राहू नये ते याचसाठी.

दोन आजारांतला फरक ओळखायला एवढे पुरते: फाइल यादीतच येत नसेल तर बहुधा डबा नवा आहे, यादीत येते पण करडी राहते, तर डबा जुना पण कॅमेरा किंवा आतली घडी नवी. दुसऱ्या प्रकारात काही जण एक्झिफटूल नावाच्या साधनाने फाइलीतले कॅमेऱ्याचे नाव बदलून जवळच्या जुन्या मॉडेलचे नाव घालतात, आणि कधीकधी फाइल उघडतेही. पण मग रंग दुसऱ्या कॅमेऱ्याच्या मोजमापाने काढले जातात. देण्याच्या कामासाठी हा मार्ग मी कधीच सुचवत नाही. आणि सरांच्या प्रकरणात तो लागूच नव्हता; डबाच उघडत नसताना आतले नाव बदलून काय होणार?

सॉफ्टवेअरला कॅमेरा 'माहीत' असावा लागतो म्हणजे काय

सरांनी विचारले, "जेपेग कुठलाही उघडतो, मग रॉलाच ओळख कशाला लागते?" हा प्रश्न महत्त्वाचा, म्हणून इथे जरा थांबतो.

रॉ फाइलीत तयार चित्र नसते. सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच गाळण असते. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी ही मांडणी सुचवली. तिचे पेटंट १९७६ चे. निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे. म्हणजे प्रत्येक जागी एकच आकडा असतो आणि उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून काढायचे असतात. ते काढायचे तर सॉफ्टवेअरला काही गोष्टी आधीच ठाऊक लागतात. गाळणी कोणत्या क्रमाने लावली आहेत? पूर्ण अंधारात सेन्सर कोणता आकडा देतो? तो शून्य नसतो. अनेक कॅमेऱ्यांत काही शेकड्यांत, काहींत दोन हजारांच्या घरात असतो. आकडा कुठे जाऊन टेकतो, म्हणजे पांढऱ्याची हद्द कोणती? चौदा बिटच्या फाइलीत १६,३८४ पायऱ्या असतात, पण प्रत्येक सेन्सर शेवटच्या पायरीपर्यंत जातोच असे नाही. आणि या कॅमेऱ्याचा लाल म्हणजे माणसाच्या डोळ्याचा कोणता लाल, हे सांगणारे आकड्यांचे कोष्टक.

यातले एक जरी चुकले तरी फोटो बोलून दाखवतो. काळ्याची पातळी चुकली की सावल्यांत जांभळट झाक येते. पांढऱ्याची हद्द चुकली की जिथे लख्ख पांढरे हवे, तिथे गुलाबी डाग पडतात. रंगांचे कोष्टक चुकले की कातडी मेणासारखी दिसते. पुढे फाइली तपासताना मी नेमक्या याच तीन जागा पाहिल्या.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ही माहिती प्रत्येक कॅमेऱ्यासाठी आत भरलेली असते. नवा कॅमेरा त्या वहीत नाही. मग ही माहिती फाइलीतच लिहून दिली तर? सप्टेंबर २००४ मध्ये अ‍ॅडोबीने आणलेला डीएनजी प्रकार हेच करतो. डबा टिफ घराण्याचा, म्हणजे जुन्यालाही कळणारा. आत सेन्सरचे मूळ आकडे, आणि सोबत काळ्या-पांढऱ्याची पातळी, गाळण्यांचा क्रम, रंगांची कोष्टके. सहसा दोन कोष्टके असतात, एक बल्बच्या पिवळ्या उजेडासाठी आणि एक दिवसाच्या उजेडासाठी. फाइल आपली शिदोरी आपणच बांधून आणते. लाइटरूम ६ ला आर६ माहीत नसला तरी चालतो, कारण डीएनजी वाचायचा कसा हे त्याला माहीत आहे.

इतर वाटा का सोडल्या

नवे लाइटरूम घेण्याचा पर्याय होताच. पण ते विंडोज ७ वर बसत नाही, म्हणजे आधी संगणक बदलायचा, मग कॅटलॉग नव्या आवृत्तीत न्यायचा. नव्या आवृत्तीने बदललेला कॅटलॉग जुन्यात परत उघडत नाही. तीन दिवसांत द्यायच्या कामाच्या तोंडावर हे करणे मला पटले नाही.

कॅननचे स्वतःचे मोफत सॉफ्टवेअर सीआर३ उघडते आणि सोळा बिटचे टिफ काढून देते. हिशोब केला: सुमारे दोन कोटी पिक्सेल, प्रत्येकाचे तीन रंग, प्रत्येक रंगाला दोन बाइट, म्हणजे एका फोटोला १२० एमबी. १,१४० फोटोंचे १३६ जीबी. शिवाय टिफमध्ये व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे कशाला धरायचे ते माप, शिजून पक्का होतो; रॉमध्ये तो हवा तसा फिरवता येतो ते सुख राहत नाही. पाच-दहा फोटोंसाठी हा मार्ग उत्तम आहे. इथे नव्हता.

डार्कटेबलसारखी मोफत सॉफ्टवेअरही आहेत, डार्कटेबल ३.८ पासून, म्हणजे डिसेंबर २०२१ पासून, सीआर३ वाचते. चांगले साधन आहे, मी स्वतः वापरतो. पण तीन दिवसांत नवे साधन शिकणे आणि त्यात ६डी च्या तीनशे फोटोंशी रंग जुळवणे हे सरांवर लादावेसे वाटले नाही.

राहिला अ‍ॅडोबीचा मोफत डीएनजी कन्व्हर्टर. त्याचीही नवी आवृत्ती विंडोज ७ वर बसेना. म्हणून तो माझ्या लॅपटॉपवर घातला. रूपांतर लॅपटॉपवर, काम त्यांच्या संगणकावर. कन्व्हर्टर नवा लागतो आणि संपादन जुन्यावर चालते. हे दोन वेगळ्या यंत्रांवर असू शकते, ही गोष्ट अनेकांच्या लक्षातच येत नाही आणि ते तिथेच हात टेकतात.

रूपांतर, आणि पहिली चूक

मी कन्व्हर्टर बसवून दिला आणि कार्डवरचे सगळे लॅपटॉपवर उतरवायला लावले. सर म्हणाले, "तू झोप आता, पुढचं मी करतो." सकाळी आलो तर दोन गोष्टी झाल्या होत्या.

पहिली म्हणजे रात्री तासभर त्यांना वाटत होते की कन्व्हर्टरलाही फाइली दिसत नाहीत. त्यात फाइल निवडायची नसते, फोल्डर निवडायचा असतो. फोल्डर निवडायच्या खिडकीत फक्त फोल्डरच दिसतात. आत शिरले की समोर रिकामी पाटी, आणि आधीच धास्तावलेल्या माणसाला वाटते की इथेही तेच! तिथे काही न दिसणे हेच बरोबर असते. आत न शिरता फोल्डरवर थांबायचे आणि निवडायचे.

दुसरी गोष्ट जास्त महागात पडणारी होती. पसंतीच्या (प्रेफरन्सेस) खिडकीत 'लिनियर' असा एक पर्याय आहे. 'सगळ्यांत सुटसुटीत तेच असेल' म्हणून सरांनी त्यावर खूण केली होती, आणि मूळ रॉ फाइल आत बसवण्याच्या चौकटीवरही. दोनशे फाइली होईपर्यंत डिस्क भरत आली म्हणून थांबले.

लिनियर म्हणजे शेजाऱ्यांवरून रंग काढण्याचे काम कन्व्हर्टरच उरकून टाकतो आणि प्रत्येक पिक्सेलचे तिन्ही रंग लिहितो. फाइल फुगते, आणि सेन्सरचे मूळ एकेरी आकडे डीएनजीत राहत नाहीत. फार जुन्या किंवा एखाद्या सेन्सरची मांडणीच न कळणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी त्याचा उपयोग आहे. पण बायर मांडणी लाइटरूम ६ ला उत्तम कळते, मग ते त्याच्याकडून काढून का घ्यायचे? आणखी एक कारण पुढच्या दिवसांसाठी. एप्रिल २०२३ मध्ये नव्या लाइटरूम क्लासिकमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने फोटोतले दाणे (नॉइज) काढण्याची सोय आली, ती सुरुवातीला फक्त मूळ मांडणीच्या रॉवर चालत होती, लिनियर डीएनजीवर नाही. आज सोयीसाठी टाकून दिलेले उद्या हवे होते, ते असे.

ते दोनशे पुसले आणि नव्याने मांडणी केली. डीएनजी कोणत्या जुन्या सॉफ्टवेअरला वाचता यावी हे ठरवणाऱ्या कम्पॅटिबिलिटीच्या यादीत 'कॅमेरा रॉ ७.१ आणि पुढील' निवडले. कॅमेरा रॉ म्हणजे रॉ फाइली वाचणारे अ‍ॅडोबीचे इंजिन. लाइटरूम ६.१४ चे इंजिन कॅमेरा रॉ १०.१ च्या बरोबरीचे आहे. यादीतली त्याच्या खालची सर्वांत जवळची पायरी ७.१ ची. तत्त्व एवढेच, की आपल्या सॉफ्टवेअरच्या आकड्यापेक्षा मोठी पायरी घ्यायची नाही. फोटोशॉप वापरणाऱ्यांसाठी सांगतो: सीएस६ ची गाडी कॅमेरा रॉ ९.१.१ वर थांबली, म्हणून त्यालाही ७.१ चालते. सीएस५ चा शेवट ६.७, त्याला ६.६ ची पायरी. सीएस४ चा शेवट ५.७, त्याला ५.४. सीएस३ चा ४.६, त्याला ४.६ चीच. लिनियर, लॉसी (माहिती गमावून फाइल लहान करणारे आकुंचन) आणि मूळ फाइल आत बसवणे, तिन्ही खुणा काढल्या. डीएनजीच्या २०२३ मधल्या १.७ आवृत्तीत जेपेग एक्सएल हे नवे आकुंचन आले आहे. तसा काही पर्याय समोर आला तर जुन्या सॉफ्टवेअरसाठी त्याला हात लावायचा नाही.

सगळ्या फाइली सोडण्याआधी तीनच काढल्या: एक पूर्ण प्रकाशातली, एक जवळजवळ अंधारातली, आणि एक जिच्यात पात्राच्या पांढऱ्या सदऱ्यावर थेट झोत पडला होता. पेनड्राइव्हने सरांच्या संगणकावर नेल्या आणि इम्पोर्टची खिडकी उघडली. तीन चौकटी क्षणभर करड्या, मग रंगीत. सरांनी काही न बोलता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तिन्ही फोटोंत त्या तीन जागा पाहिल्या. अंधाराचा उठाव स्लायडरने पूर्ण वर नेला. दाणे आले, जांभळट झाक नाही. सदऱ्यावरचा झोत खाली आणला. करडा झाला, गुलाबी नाही. मग उरलेल्या सोडल्या.

मोजल्या तेव्हा डीएनजी भरल्या १,१३८. दोन कमी. शोधून पाहिले तर लॅपटॉपवरच्या त्या दोन सीआर३ शून्य बाइटच्या होत्या. कार्डवरून उतरवतानाच अर्धवट राहिल्या होत्या. कार्ड अजून फॉरमॅट केलेले नव्हते म्हणून निभावले. त्या दोन पुन्हा उतरवल्या आणि कन्व्हर्टरला पुन्हा त्याच फोल्डरवर सोडले. आधी तयार असलेल्या फाइली वगळण्याची खूण करता येते, त्यामुळे त्याने फक्त दोनच केल्या. शेपूट बदललेल्या त्या बारा फाइलींचे सीआर३ हे मूळ शेपूट आधीच परत लावले होते.

उघडल्या, पण रंग जुळेनात

खरे काम इथून सुरू झाले. फाइल उघडली की प्रकरण संपले असे बहुतेकांना वाटते. सरांनी आपला रंगमंचाचा प्रीसेट ६डी च्या फोटोला लावला आणि मग आर६ च्या. एकाच क्षणाचे दोन फोटो शेजारी ठेवले. मागचा मखमली पडदा एकात गर्द मरून, दुसऱ्यात विटकरीकडे झुकलेला.

प्रीसेटमध्ये 'कॅमेरा न्यूट्रल' हे प्रोफाइल, म्हणजे त्या कॅमेऱ्याचे रंग कसे दाखवायचे याची कृती, मागितलेले होते. ६डी साठी ते लाइटरूम ६ मध्ये आहे. आर६ साठी नाही. डीएनजीच्या शिदोरीत रंगांचे एकच साधारण प्रोफाइल येते, अ‍ॅडोबी स्टँडर्ड. कॅलिब्रेशनच्या पट्टीत प्रोफाइलची यादी उघडली तर आर६ पुढे तेवढे एकच नाव. प्रीसेटने न्यूट्रल मागितले, मिळाले नाही, आणि फोटो स्टँडर्डवरच राहिला.

उपाय लॅपटॉपवरच होता. डीएनजी कन्व्हर्टर बसताना डीसीपी नावाच्या प्रोफाइल फाइलीही सोबत आणतो. त्या प्रोग्रामडेटा या सहसा लपलेल्या फोल्डरात, अ‍ॅडोबीच्या कॅमेरा रॉ विभागात असतात. तिथून आर६ च्या नावाच्या फाइली उचलून सरांच्या संगणकावर वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटा-रोमिंगमधल्या कॅमेरा प्रोफाइल्सच्या फोल्डरात ठेवल्या आणि लाइटरूम बंद करून पुन्हा उघडले. यादीत लँडस्केप, न्यूट्रल, पोर्ट्रेट, स्टँडर्ड सगळे हजर. न्यूट्रल निवडले. पडदा पुन्हा मरून झाला. हुबेहूब ६डी सारखा नाही; दोन सेन्सर जुळे भाऊ नसतातच. पण एका मालिकेत शेजारी बसतील इतपत.

लेन्सचेही तसेच. आरएफ २४-१०५ एफ४ ही २०१८ ची, लाइटरूम ६ च्या शेवटच्या अपडेटनंतरची. त्यामुळे २४ मिमीवर रंगमंचाची पुढची कड धनुष्यासारखी वाकलेली आणि कोपरे काळवंडलेले. लेन्सच्या एलसीपी फाइली कन्व्हर्टरबरोबर येतात. ती एक फाइल तशीच नेऊन ठेवली आणि कड सरळ झाली. ६डी वरची जुनी ७०-२०० यादीत आधीपासून होतीच.

सर्वांत जास्त वेळ घेतला तो निळ्या एलईडी दिव्यांनी. दुसऱ्या अंकात एका पात्राच्या चेहऱ्यावर नुसता निळा झोत होता. एकूण उजेड बरोबर दिसतो, पण निळा रंग आधीच काठोकाठ भरलेला असतो, आणि चेहऱ्यावर उठाव न राहता सपाट निळा ठिगळ पडतो. हा दोष रूपांतराचा नाही. ६डी च्या फाइलींतही तो तसाच होता, आणि हे मी सरांना दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवले, नाहीतर त्यांनी डीएनजीलाच दोषी धरले असते. कॅलिब्रेशनमध्ये निळ्या प्राथमिक रंगाची तीव्रता (सॅच्युरेशन) बरीच खाली आणली, मग एक्स्पोजर थोडे कमी केले. गालाचे हाड दिसू लागले. डोळ्याखालची रंगभूषेची रेघही आली. हा बदल वेगळा प्रीसेट म्हणून जतन केला.

नंतर काय ठेवले

सर म्हणाले, "आता डीएनजी आहेत, तर सीआर३ उडवून टाकू का?" मी नाही म्हणालो. कॅननचे स्वतःचे सॉफ्टवेअर डीएनजी उघडत नाही, आणि मूळ फाइल आत बसवलेली नसेल तर डीएनजीवरून सीआर३ परत करता येत नाही. उद्या नवा संगणक आला, नवे लाइटरूम आले, तर ते सीआर३ थेट वाचेल. म्हणून मूळ फाइली वेगळ्या डिस्कवर, त्याच क्रमांकांनी, त्याच तारखेच्या फोल्डरात. डीएनजीचे नावही तेच ठेवले, फक्त शेपूट वेगळे. जोडी कधीही लावता येते. जागा दुपटीने लागते हे खरे, आणि ती मी आनंदाने खर्च करतो.

एक बारीक गोष्ट त्यांच्या बॅकअपमुळे ध्यानात आली. सीआर३ शेजारी संपादनाची नोंद छोट्या एक्सएमपी फाइलीत वेगळी ठेवता येते. डीएनजीत ती फाइलीच्या आतच लिहिली जाते, म्हणजे एक तारा दिला आणि मेटाडेटा, म्हणजे फोटोबद्दलच्या नोंदी, जतन केला की सगळी फाइल बदललेली ठरते आणि बॅकअप ती पुन्हा पूर्ण उचलतो. म्हणून मेटाडेटा फाइलीत आपोआप लिहिण्याची खूण काढली. नोंदी कॅटलॉगमध्ये राहतात, आणि कॅटलॉगचा बॅकअप रोज होतो.

साठ फोटो तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले, बेचाळीस आर६ चे आणि अठरा ६डी चे. पाठवण्याआधी सरांनी ते सगळे एकदा ओळीने पाहिले आणि अकराव्या फोटोवर थांबून मला विचारले, "हा कुठल्या कॅमेऱ्याचा रे?" मला माहितीची पट्टी उघडून पाहावे लागले. मग त्यांनी दोन्ही डिस्कांवरच्या फाइली पुन्हा मोजल्या, १,१४० आणि १,१४०, आणि त्यानंतरच कार्ड कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट केले.